पेडणे-डिचोलीच्या ताटात भाजी किती? श्रावणातली सवय वर्षभर टिकवण्याचा हिशेब

पेडणे/डिचोली : आपल्याकडचं दुपारचं जेवण म्हणजे शीत, हुमण आणि तळलेल्या मासळीची तुकडी. सोबत सोलकढी, लोणचं. भाजी नसते असं नाही, पण ती ताटाच्या कडेला, चमचाभर. सोमवारी किंवा गुरुवारी शिवराक असलं की तीच भाजी ताटाच्या मध्ये येते. श्रावणात महिनाभर येते. चवथीला तर खतखत्याच्या एकाच टोपात डझनभर भाज्या पडतात. चवथ संपली, ताजी मासळी बाजारात आली की भाजी परत कडेला.

सीमेपलीकडे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीतलं ताटही याहून फार वेगळं नाही. बेळगाव-खानापूरकडे भाकरीमुळे थोडा फरक पडतो, एवढंच. म्हणजे भाजी आपल्याला आवडत नाही किंवा करता येत नाही, हा प्रश्नच नाही. ती ठरावीक दिवसांपुरती उरली आहे, हा प्रश्न आहे. मग रोजच्या जेवणात भाजी आणि फळ किती हवं, कोणत्या महिन्यात काय मिळतं, कसं शिजवावं आणि कोणी काळजी घ्यावी, याची ही माहिती.

हा विषय आत्ताच का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं. देशात प्रौढांमध्ये ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के. सरळ भाषेत, दर चार मोठ्या माणसांत एक.

दुसरा आकडा रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर निम्म्याहून जास्त.

देशातल्या सुखवस्तू राज्यांत ज्याची गणना होते, त्या राज्याचे हे आकडे आहेत. दोन्ही आजारांचं कारण एकटी भाजी नव्हे. बैठं काम, वाढतं वजन, अनुवंश, मद्य, बाळंतपणं, जंत, अशी बरीच कारणं आहेत. पण ताटात भात जास्त आणि भाजी कमी, ही गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. शिवाय ती आपल्या हातातली आहे.

किती खायचं? आधी वजन, मग वाटी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. भाज्यांपैकी साधारण १०० ग्रॅम पालेभाजी असावी. तांदूळ, गहू, नाचणी मिळून सगळं धान्य सुमारे २५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना भाज्या-फळं मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते.

ही सगळी वजनं कच्च्या, निवडलेल्या मालाची. देठ, साल, बिया काढल्यानंतरची.

आता चार मोठ्या माणसांच्या घराचा हिशेब मांडू. रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी. आठवड्याला ११ किलो २०० ग्रॅम. त्यातली पालेभाजी २ किलो ८०० ग्रॅम. फळं आणखी २ किलो ८०० ग्रॅम. घरी आठवड्याला किती भाजी येते, ती एकदा काट्यावर ठेवून बघा. बहुतेक घरांत अर्ध्याच्याही खाली निघेल.

काय मोजायचं नाही तेही सांगायला हवं. बटाटा भाजीत धरत नाहीत. म्हणजे सकाळच्या पाव-भाजीतली बटाट्याची भाजी हिशेबाबाहेर. लोणचं आणि पापडही बाहेर. सुरण, रताळी, काटेकणंगं चांगली, पण पिष्टमय. ती ताटात असतील तर भात तेवढा कमी घ्यायचा.

एकदम ४०० ग्रॅमवर उडी मारायची गरज नाही. पहिला नियम सोपा ठेवा : भाताचा एक डाव कमी, भाजीचा एक डाव जास्त. भात तेवढाच ठेवून वर भाजी वाढवली तर पोट भरेल, पण साखरेचं गणित सुटणार नाही.

पावसाळा : फुकटचा बाजार

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. नेमक्या याच दिवसांत रान हिरवं होतं. ताजी मासळी महाग आणि पालेभाजी दारात, अशी ही वेळ आहे.

पहिल्या पावसात तायकिळो उगवतो. सीमेपलीकडे त्याला टाकळा म्हणतात. कोवळा पाला खुडून, फणसाच्या आठळ्या किंवा चणाडाळ आणि खोबरं घालून सुकी भाजी होते. पाठोपाठ कुर्डू, तेरें (रानअळू), आळूं, बांबूचे कोंब म्हणजे किल्ल आणि मग फागलां, म्हणजे करटोली. रानातली अळमीही याच दिवसांत येतात. ओळख पक्की असेल तरच ती घ्यावीत. विषारी अळमी ओळखण्याची घरगुती चाचणी नसते. चांदीचा चमचा काळा पडणं वगैरे गोष्टींवर विसंबू नये.

सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या करायची रीत आहे. हा पाला पोषणाच्या दृष्टीने अव्वल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. अष्टमीला एकदा खाऊन झाड वर्षभर विसरायचं, हे मात्र परवडणारं नाही.

चवथ : माटोळीतला धडा

चवथीआधी डिचोली, म्हापसा, पेडण्याच्या बाजारात माटोळीचं सामान येतं. गणपतीच्या वर बांधायची ही फळाफुलांची, रानवेलींची माटोळी म्हणजे त्या ऋतूत आपल्या परिसरात काय पिकतं याची यादीच. तवशीं, कुवाळे, दुदी, काराती, दोडकी, नीरफणस, केळीचे घड, ओल्या सुपाऱ्या, नारळ. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धाही घेतं.

त्यातल्या खाण्याच्या वस्तू विसर्जनानंतर वाया जाऊ देऊ नयेत. कुवाळो आणि दुदी न कापता सावलीत ठेवली तर बरेच आठवडे टिकतात. भाजी महाग असलेल्या दिवसांसाठी हा साठा कामाला येतो.

खतखत्याचंही तसंच. या पदार्थात भाज्या जास्त, मसाला बेताचा, तेल जवळजवळ नाही. तिरफळांमुळे चव येते आणि मासळीची आठवण होत नाही. पंधरवड्यातून एकदा मिळतील त्या पाच-सहा भाज्यांचं साधं खतखतं केलं तर सणाची वाट बघावी लागणार नाही.

हिवाळा : गावठी भाजीचे महिने

सरद शेतीचं भात कापलं की नोव्हेंबरपासून ओलाव्याच्या शेतांत आणि मळ्यांत भाजी लागते. तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, वाल, चवळी, आळसांदे, नवलकोल. तिळारी धरणाचं पाणी कालव्यांतून पेडणे, डिचोली आणि बार्देशात येतं, त्यावरही भाजी होते. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला काढला की मात्र पिकाचं कठीण.

हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पेडण्यासाठी अभिमानाची गोष्ट, पण मिरची काही शंभर ग्रॅम खायची वस्तू नव्हे. पोटभर खायची ती तांबडी भाजी. डिसेंबर ते मार्च ती स्वस्त, ताजी आणि गावातलीच मिळते. आठवड्याला तीन वेळा तरी व्हावी.

उन्हाळा : भाजी कमी, फळं भरपूर

एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजी आटते. तेव्हा कोवळ्या फणसाची भाजी, कच्ची पपई, केळफूल, नीरफणस, तवशीं आणि शेवग्याचा पाला यांवर भागवायचं. फळांची मात्र चंगळ : मानकुराद आंबा, फणस, काजूचे बोंडू, करवंदं, जांभळं, चुन्नां, भिंडां.

बोंडूंचा बहुतेक माल भट्टीकडे जातो. पण मीठ लावून खाल्लेला ताजा बोंडू हे क जीवनसत्त्वाचं उत्तम फळ आहे, हे आपण विसरतो.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदं नेतो. १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमपेक्षाही कमी. संत्र्यात ४० च्या थोडं वर. परसातल्या पेरूत २०० च्या वर. पैसे आणि पोषण यांचा मेळ बघितला तर पेरू, पपई आणि केळी ही तीन फळं आपल्या भागात वर्षभराची सोय करतात. फळ चावून खावं. रस काढला की चोथा जातो आणि साखर तेवढी उरते.

नावांचा घोळ : सीमा ओलांडताना लक्षात ठेवा

दर दहा-वीस किलोमीटरवर भाजीचं नाव बदलतं. बाजारात फसगत नको म्हणून ही यादी :

• दुदी : गोव्यात लाल भोपळा. घाटावर 'दुधी' म्हटलं की दुधी भोपळा हातात येतो.
• तांबडी भाजी : लाल माठ.
• वालची भाजी : गोव्यात मायाळूची वेल. वालाच्या शेंगांशी संबंध नाही.
• तवशें : काकडी, बहुधा मोठी गावठी.
• कुवाळो : कोहळा.
• कारातें : कारलं.
• फागलां : करटोली.
• तायकिळो : टाकळा.
• मस्कासांग, मशिंग : शेवगा. मालवणी मुलखात शेगूल, शेगट.
• भिंडां : रातांबे, कोकमाची फळं. सुकवली की सोलां.

मासळी सोडायची नाही

भाजी वाढवा म्हटलं की मासळी बंद, असा अर्थ काही जण काढतात. तसं नाही. पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. सोबत मासळी किंवा मांस असेल तर ते जास्त शोषलं जातं. आंबट फळातलं क जीवनसत्त्वही हेच काम करतं. म्हणून तांबड्या भाजीत चिमूटभर गालमो (सुका जवळा) घालायची आपली पद्धत नुसत्या चवीची नाही. शिवराक दिवशी त्याच भाजीवर लिंबू पिळावं, किंवा जेवणानंतर पेरूची फोड खावी.

चहा उलटं काम करतो. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अडवतो. तासाभराचं अंतर ठेवलेलं बरं.

पालेभाजी आणि लाल भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन, ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होतं, ते थोड्या स्निग्धाशिवाय शोषलं जात नाही. भाजीवर मूठभर खोबरं घालतो ते त्यासाठी पुरेसं. वर आणखी तेल ओतायचं कारण नाही.

शिजवताना तीन गोष्टी पाळाव्यात. आधी धुवावं, मग चिरावं. चिरून पाण्यात ठेवू नये. झाकण ठेवून थोड्या वेळात शिजवावं आणि शिजवलेलं पाणी फेकू नये, ते हुमणात किंवा डाळीत घालावं. आळू आणि तेरें यांना अपवाद आहे. त्यांत खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून ती नीट शिजवायची आणि सोलां, चिंच किंवा आंबाडे घालूनच करायची.

मधुमेह असलेल्यांसाठी जेवणाचा क्रमही महत्त्वाचा. आधी भाजी आणि तवशाचं करम, मग मासळी किंवा डाळ, शेवटी भात. असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

भाजी येते कुठून?

गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. पावसात चोर्ला घाटात दरड आली, वाहतूक अडली की दुसऱ्या दिवशी इथे दर बदलतो. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे गावोगावी आहेत. तिथे सवलतीच्या दरात भाजी मिळते आणि महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडूनही माल घेतं.

गावठी माल हवा असेल तर आठवडा बाजार : म्हापशाचा शुक्रवार, डिचोलीचा बुधवार, साखळीचा सोमवार. पालेभाजी बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी, भेंडी-वांगी मधल्या दिवसांत, आणि कुवाळो-दुदी आठवड्याच्या शेवटी. असा क्रम लावला तर फेकायला काही उरत नाही.

पिकवणारे कमी होत आहेत, हेही खरं. डिचोलीत खाणींची माती पावसाबरोबर शेतांत उतरली आणि कित्येक शेतं पडीक राहिली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रक थांबले, पण बिघडलेलं शेत आपोआप सुधारत नाही. पेडण्यात किनाऱ्यावर हॉटेलं आणि पठारावर मोपाचा विमानतळ आला. घरातली तरुण मंडळी पाळीत काम करतात, एक वेळचं जेवण बाहेर होतं. अशा घरात डब्यात भाजी जाणं हाच मोठा बदल ठरेल.

परसातून सुरुवात

थोडी जागा असेल तर तांबडी भाजी लावा. बी फेकल्यावर २५ ते ३५ दिवसांत काढायला येते. चार वाफे केले आणि दर आठवड्याला एक पेरला तर महिन्यानंतर दर आठवड्याला एक वाफा तयार मिळतो. शेवग्याची फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली की लागते. दोन पपया, एक केळीचं बेट, एक पेरू आणि सांडपाण्यावर आळूं, एवढ्यात घराची बरीच गरज भागते. माकडांचा उपद्रव सगळीकडे आहे. फळझाडं घराजवळ आणि पालेभाजी जाळीखाली ठेवणं, एवढाच त्यातला व्यवहार्य मार्ग.

बियाणं, रोपं आणि योजनांच्या माहितीसाठी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात जावं. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे आणि तिथल्या कृषी विज्ञान केंद्राकडेही मार्गदर्शन मिळतं.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावं

• मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी भाज्या-फळांचं प्रमाण स्वतः वाढवू नये. पोटॅशियम वाढू शकतं. करमल (कमरख) तर त्यांनी खाऊच नये. त्यातल्या विषारी घटकाने उचक्या लागून शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते.
• बिमलांचा रस 'कोलेस्टेरॉलवर उपाय' म्हणून कोणीही पिऊ नये. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे मूत्रपिंड निकामी झाल्याच्या घटना केरळात नोंदल्या गेल्या आहेत. हुमणात चार बिमलं घालणं वेगळं.
• रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू किंवा बंद करू नये. प्रमाण रोज सारखं ठेवावं.
• रक्तक्षयाच्या गोळ्या चालू असतील तर भाजी त्यांची जागा घेत नाही. दोन्ही हवं.
• मधुमेहींनी आंबा, फणस, केळं खाल्लं तर तेवढा भात कमी करावा.

एका दिवसाचा नमुना

सकाळी पातळ भाजी-पाव असेल तर बटाट्याऐवजी आळसांदे किंवा मूग, सोबत टोमॅटो-कांदा. दहाच्या पेजेबरोबर नुसत्या लोणच्याऐवजी वाटीभर तांबडी भाजी. दुपारी एक डाव कमी भात, हुमण, तुकडी, वाटीभर दोडका किंवा भेंडी आणि तवशाचं करम. संध्याकाळी एक पेरू किंवा पपईची फोड. रात्री डाळीत शेवग्याचा पाला किंवा लाल भोपळा, नाहीतर मुगागाठी आणि एक सुकी भाजी.

यात एकही पदार्थ नवा नाही आणि बाहेरून मागवायचं काही नाही. सोमवारचं शिवराक ताट कसं वाढायचं हे प्रत्येक घरात माहीत आहे. मंगळवारी मासळी आली तरी त्या ताटातली भाजी तेवढीच ठेवायची, इथून सुरुवात करता येईल.